सत्तरच्या पुढे थरथरणारी नवी पिकअप

दसऱ्याला आम्ही नवी पिकअप घेतली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरायच्या, पुण्यात उतरवायच्या, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं, असा आमचा धंदा. हार-नारळ झालं, रूपाभवानीला गाडी दाखवून आणली, आणि पहिल्याच पुण्याच्या फेरीत सावळेश्वरचा टोल ओलांडला तसे स्टिअरिंगवरचे हात झिणझिणायला लागले. 65 पर्यंत काही नाही. 70 ला सुरू, 72-73 ला सगळ्यात जास्त, 80 च्या गव्हर्नरला (वेग त्यापुढे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेला) टेकेपर्यंत थोडी निवळते. हे एक. दुसरं असं की रिकामी गाडी सिग्नलवरून उचलली की 20-25 च्या आसपास पायाखालचा पत्रा घरघरायचा, आणि वेग वाढला की थांबायचा.

शोरूमला चार चकरा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, गाडी नवी आहे, हजार किलोमीटर होऊ द्या. दुसऱ्यांदा बॅलन्सिंग केलं, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधला. तिसऱ्यांदा पुन्हा बॅलन्सिंग, वर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी. चौथ्यांदा सल्लागार म्हणाला, "साहेब, ही पिकअप आहे, कार नाही." यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते फसवं आहे. हप्ता सुरू झालेला, आठवड्याला तीन फेऱ्या, आणि भिगवणपर्यंत गेलं की मनगटं दुखायची. शेवटी मी स्वतः शिकायला बसलो. जे समजलं ते सोपं करून लिहितो आहे, कारण आमच्या स्टँडवरच्या अजून दोघांना हाच त्रास आहे आणि दोघेही पार्टमागून पार्ट बदलत बसले आहेत.

आप्पांचा माग आणि गाडीचा ठोका

माझे वडील, आप्पा, यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. मागाला दोन मुख्य शाफ्ट असतात. वरचा क्रँकशाफ्ट प्रत्येक धोट्याच्या फेरीला एकदा फिरतो. खालचा त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे वरच्याचे दोन फेरे झाले की ह्याचा एक. मागातून खटका यायला लागला की आप्पा पाना उचलत नसत. उभे राहून मोजत. प्रत्येक फेरीला खटका येत असेल तर दोष वरच्या शाफ्टकडचा, एकाआड एक येत असेल तर खालच्याकडचा. अर्धं काम तिथेच व्हायचं.

गाडीचं दुखणं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कशासंगं वाजतंय ते बघ की आधी. खोलायचं मग."

गाडीच्या थरथरीबद्दल समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच. थरथर म्हणजे कुठलीतरी फिरणारी वस्तू प्रत्येक फेऱ्याला एक किंवा दोन धक्के देते आहे. गाडीत फिरणाऱ्या वस्तू बऱ्याच असल्या तरी त्या सगळ्या एका गतीने फिरत नाहीत. धक्के सेकंदाला किती, हे कळलं की कोणती वस्तू, हे बहुतेक वेळा कळतं.

आता हिशेब. माझ्या गाडीचा टायर 215/75 आर 15. म्हणजे टायरची रुंदी 215 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 75 टक्के आणि रिम 15 इंचांची. यावरून टायरचा व्यास निघतो सुमारे 70 सेंटिमीटर, आणि एका फेऱ्यात चाक साधारण 2.2 मीटर पुढे जातं. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर 20 मीटर. म्हणजे 72 ला चाक सेकंदाला साधारण 9 फेरे घेतं.

चाकाच्या आधी येतो प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत (मागच्या चाकांमधल्या अ‍ॅक्सलच्या पेटीपर्यंत) जाणारा लांब नळा. हाउसिंगमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, शाफ्टचा वेग कमी करून चाकाला देतात. गाडीगणिक हे गुणोत्तर वेगळं असतं, पुस्तकात लिहिलेलं असतं. सोयीसाठी 4 धरू. मग चाकाचे 9 तर शाफ्टचे 36. शाफ्टच्या टोकांना जे क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, असतात ते वाकड्या कोनात असतील तर प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के देतात, म्हणजे सेकंदाला 72. आणि इंजिन? पाचव्या गिअरमध्ये 1,800 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 1,800 फेऱ्यांवर, असेल तर सेकंदाला 30 फेरे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणून ठोके 60.

9, 36, 60, 72. एकाच वेगाला चार वेगवेगळे ठोके. हाताला आणि कानाला ते वेगळे कळतात. 9 ची थरथर जवळजवळ डोळ्यांना दिसते: स्टिअरिंगची रिंग हलते, बाटलीतलं पाणी नाचतं, आरशातला मागचा ट्रक दुहेरी दिसतो. 36 ची दिसत नाही, ती तळव्यांना मुंग्या आल्यासारखी लागते आणि केबिनमध्ये खोल भुणभुण भरून राहते. 60-70 ची तर ऐकूच जास्त येते.

ज्यांना कानावर भरवसा नाही त्यांनी मोबाइल वापरावा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप बनवलं आहे. फोनमधल्या सेन्सरवरून ते सेकंदाला किती कंप होतात याचा आलेख दाखवतं. फोन सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट दाबून धरायचा, धरणारा दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने हे करू नये. माझ्या थोरल्या मुलीने धरला. 72 ला आलेखात 9 च्या जवळ एकच उंच सुळका आला. चाक.

रस्त्यावर करायच्या चाचण्या

आलेखावरच थांबायचं नाही. आप्पांना शेजारी बसवून, अर्धी गाडी भरून, पहाटे मोहोळच्या बाजूला गेलो. सपाट, सरळ, मोकळा रस्ता. आप्पांनी एक तळवा डॅशवर आणि दुसरा सीटखालच्या पट्टीवर ठेवला, डोळे मिटले. दर थोड्या वेळाने एक बोट उचलायचे, म्हणजे सुरू झालं.

पहिली चाचणी गिअरची. 72 पाचव्यात, मग 72 च चौथ्यात. वेग तोच, इंजिन मात्र 1,800 ऐवजी 2,100 च्या वर. थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही, कारण इंजिनचा वेग बदलला आणि तिला फरक पडला नाही. माझी तशीच राहिली. उलट थरथर आरपीएमबरोबर सरकली असती, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये वेगवेगळ्या वेगाला पण त्याच आरपीएमला आली असती, तर इंजिन, क्लच, किंवा इंजिनाखालचे माउंटिंग रबर यांच्याकडे बघावं लागलं असतं.

दुसरी न्यूट्रलची. 75 ला न्यूट्रल करून गाडी काही सेकंद तशीच वाहू द्यायची. इंजिन बंद करायचं नाही, अजिबात नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. न्यूट्रलमध्येही थरथर टिकली तर चाकं किंवा शाफ्ट. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की जाते, असं असेल तर ताण पडणाऱ्या भागांकडे, क्रॉस, सेंटर बेअरिंग, पिनियन यांच्याकडे नजर जाते.

तिसरी ब्रेकची. फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थडथडत असेल तर ब्रेकची डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही. ते प्रकरण वेगळं, आणि सोपं.

आणि बसल्या जागी कळणारी एक खूण: स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवलं तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये आणि हौद्यात जाणवलं तर मागची. ही खूण शंभर टक्के नाही. चेसिस एकच असते, धक्का इकडून तिकडे पोचतो.

त्या पहाटे परत येताना बाळ्याच्या पुलाजवळ आप्पा म्हणाले, "पुढलं डावं." मी म्हटलं, डावं कशावरून? तर म्हणाले, डाव्या पायाखाली जास्त लागतंय. तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही.

चाक: बॅलन्स झालं म्हणजे गोल झालं असं नाही

बॅलन्सिंग सगळ्यांना माहीत आहे, पण ते का लागतं याचा हिशेब बघण्यासारखा आहे. रिमच्या काठावर एका बाजूला 60 ग्रॅम वजन जास्त आहे समजा. एवढंसं. पण 72 च्या वेगाला ते 60 ग्रॅम चाकाला पावणेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतं, तेही सेकंदाला 9 वेळा, कधी वर, कधी पुढे, कधी खाली. 36 च्या वेगाला हाच जोर किलोभरही नसतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गावात कळत नाही आणि हायवेला कळतं.

मग 80 ला आणखी वाढायला हवी, ती निवळते कशी? झोक्यामुळे. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका हात लावला तरी तो उंच जातो, लय चुकवून कितीही ढकला, जात नाही. चाक, अ‍ॅक्सल, पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि टायरमधली हवा यांचीही मिळून अशी एक लय असते, आणि ती सेकंदाला साधारण दहा-पंधराच्या घरात असते. स्टिअरिंगच्या सांगाड्याची आणखी वेगळी. चाकाचे धक्के यातल्या एखाद्या लयीशी जुळले की छोटा दोष मोठा होऊन हाताला लागतो. वेग पुढे गेला की जुळणी सुटते. दोष तिथेच असतो.

आता मुद्दा जो मला तीन बॅलन्सिंगचे पैसे आणि तीन दिवस घालवून कळला. बॅलन्सिंगचं मशीन चाक हवेत फिरवतं. रस्ता खालून दाबतो, तो दाब तिथे नसतो. टायर एका जागी किंचित उंच असेल, किंवा आतल्या थरांच्या जोडामुळे एका जागी कडक असेल, तर वजनं लावून मशीन शून्य दाखवेल आणि रस्त्यावर मात्र प्रत्येक फेऱ्याला तो उंचवटा खाली आला की गाडी उचलली जाईल. मोठ्या शहरांत काही ठिकाणी अशी मशिनं आहेत ज्यांत फिरत्या टायरवर रोलर दाबून हा कडकपणा मोजतात. तोवर आपल्याकडे खडू आहे.

खडूची गोष्ट अशी. पुणे नाक्याकडच्या एका टायरवाल्याने पुढचं डावं चाक मशीनवर चढवलं, शून्य दाखवून मोकळा झाला. मी म्हटलं, थांबा, हळू फिरू द्या. एक लोखंडी स्टूल जवळ सरकवला, त्यावर हात टेकवून खडूचं टोक टायरच्या नक्षीजवळ नेलं, अगदी केसभर अंतरावर. चाक फिरलं. टक्, टक्, टक्. थांबवून बघितलं तर पांढरी रेघ सगळ्या घेरावर उमटली नव्हती, एकाच पट्ट्यात, वितभर लांब. उरलेल्या टायरला खडू लागलाच नव्हता. मग खडू रिमच्या काठाला लावला, तिथे मात्र रेघ सगळीकडे सारखी. म्हणजे रिम सरळ, टायर उंच. टायरवाला स्वतः वाकून बघत राहिला. दीड मिलिमीटरच्या पुढे उंचवटा गेला की बॅलन्सिंगने भागत नाही.

याच्या आधीची एक सोपी पायरी मी उशिरा केली, तुम्ही आधी करा. स्टेपनी. पिकअपची स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची असते. एकेक चाक काढून तिथे स्टेपनी लावायची आणि फेरी मारायची. ज्या चाकाच्या जागी स्टेपनी लावल्यावर थरथर गेली, ते चाक दोषी. खर्च शून्य. माझी पुढल्या डाव्याला गेली. आप्पांचा पाय बरोबर होता.

नवा टायर असा का निघतो? कधी कारखान्यातलाच दोष. कधी गाडी स्टॉकयार्डात महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहते, सगळा भार टायरच्या एकाच भागावर, वर मे महिन्यातलं आपलं ऊन. टायर तिथे बसतो. रात्रभर उभ्या गाडीचा बसका भाग पंधरा-वीस किलोमीटर चालवून टायर गरम झाला की निघून जातो, महिन्यांचा नेहमीच जात नाही. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात, तेवढे बघून घ्या. 3124 म्हणजे 2024 च्या 31 व्या आठवड्यात बनलेला. माझा टायर गाडी हातात येण्याच्या 14 महिने आधीचा निघाला.

नव्या टायरवर रंगाचे ठिपके असतात, त्यांचाही उपयोग आहे. पिवळा ठिपका म्हणजे टायरची सर्वात हलकी जागा, तो व्हॉल्व्हजवळ आणतात. लाल ठिपका म्हणजे जिथे टायर सर्वात कडक-उंच तो बिंदू, तो रिमवरच्या खुणेशी, म्हणजे रिमच्या सर्वात खोल जागेशी जुळवतात. उंचवट्यासमोर खड्डा. थोडाफार दोष असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला तरी फरक पडतो.

चाकाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आपल्या भागाच्या. एक, काळी माती. पावसाळ्यात शेतातून कांदा किंवा डाळिंब भरून गाडी निघाली की रिमच्या आतल्या बाजूला लोंदा बसतो, वाळून दगड होतो. तो 60 ग्रॅमचा नसतो, पाव किलोचाही असतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. थरथर अचानक सुरू झाली असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा, पाण्याचा पाइप लावा. दोन, नट. एअर गनने एकामागोमाग एक करकचून आवळले की रिम हबवर तिरकं बसतं. चाक हवेत असतानाच सगळे नट हाताने समोरासमोरच्या क्रमाने बसवायचे, मग गाडी खाली घेऊन त्याच क्रमाने पान्याने आवळायचे. हब आणि रिमच्या मध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर असेल तर तो आधी खरवडायचा. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात: ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात. थरथरीवरचं ते औषध नाही. त्याचे पैसे मी दोनदा दिले.

शाफ्ट, क्रॉस आणि वाढवलेला पाटा

चाक बदललं आणि 72 ची थरथर गेली. पण सिग्नलवरची घरघर तशीच. 25 च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला साडेबारा फेरे घेतो, आणि क्रॉसचे धक्के दुप्पट, म्हणजे 25. मुलीच्या फोनवर सुळका 25 ला. चाक त्या वेगाला जेमतेम 3 फेरे घेतं, त्याचा प्रश्नच नव्हता.

क्रॉस दोन धक्के का देतो, हे समजायला थोडा वेळ लागतो, पण समजलं की बरंच काही उलगडतं. गिअरबॉक्स चेसिसला बांधलेला, हाउसिंग पाट्यांवर वरखाली होणारं. दोघांना जोडणारा शाफ्ट सरळ रेषेत राहूच शकत नाही, म्हणून टोकांना क्रॉस, कोपरासारखे वळणारे. पण कोनातून फिरवताना एक गडबड होते. अलीकडचा भाग एकसारख्या गतीने फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन 5 अंश असेल तर हा चढउतार अर्धा टक्काही नसतो. 10 अंशांना दीड टक्का होतो. कोन दुप्पट तर चढउतार जवळपास चौपट.

मग सगळ्याच गाड्या का घरघरत नाहीत? कारण क्रॉस दोन असतात आणि दुसरा पहिल्याची चूक दुरुस्त करतो. पहिल्याने जिथे घाई केली तिथे दुसरा रेंगाळतो. हिशेब शून्य. अट दोन गोष्टींची: दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत. म्हणूनच जाणता मेकॅनिक शाफ्ट उतरवण्याआधी छिन्नीने खूण मारून घेतो. खूण न करता उतरवलेला शाफ्ट एक दाता चुकवून बसवला की चांगली गाडी थरथरायला लागते. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. ते रबर सैल झालं किंवा बेअरिंग थोडं खालीवर बसलं तरी कोन बिघडतात.

माझ्या गाडीत कोन कुणी बिघडवला? मीच. गाडी आली त्याच आठवड्यात मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला होता. आपल्याकडे ही रीतच आहे. नवी पिकअप आली की आधी पाटा वाढवायचा, हौद्याला अँगल मारायचे, जाळी, गार्ड. पाटा वाढवल्याने गाडीचा मागचा भाग दीड इंच उचलला गेला. हाउसिंग खाली राहिलं, गिअरबॉक्स वर गेला, कोन वाढले आणि दोन्हीकडचे सारखे राहिले नाहीत. पूर्ण भरली की गाडी बसायची आणि कोन बरेचसे जागेवर यायचे, म्हणून भरलेली गाडी घरघरत नव्हती. रिकामी असताना, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या जोरात, पायाखाली 25 चा ठोका.

पाटे काढले. त्याच दिवशी घरघर थांबली. ज्यांना मालामुळे पाटा ठेवणं भागच आहे त्यांच्यासाठी पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून पिनियनचा कोन परत जुळवता येतो. पण ते अंदाजाने करायचं काम नाही, कोन मोजायचं साधन असलेल्याकडेच करावं. आणि एक लक्षात ठेवा, पाटा वाढवणं म्हणजे आरसीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त माल भरायची परवानगी मिळणं नाही. शिवाय वॉरंटीत शाफ्टचा दावा करायला गेलो असतो तर पहिलं बोट त्या पाट्याकडेच दाखवलं गेलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

दोष नसलेली थरथर

पिकअप कार नाही, हे अर्धं खरं कुठे आहे तेही सांगतो. मागचे पाटे टनभर माल पेलण्यासाठी असतात. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत, म्हणून मागचा भाग उसळतो. त्यात मागच्या टायरांत भरलेल्या गाडीची हवा असेल तर आणखी. दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असेल तर ती पाळा. सिमेंटच्या रस्त्यावर जोड साधारण साडेचार मीटरवर असतात, 72 ला ते सेकंदाला चार-साडेचार वेळा धडधडतात. रस्ता बदलला की बदलतं ते रस्त्याचं. रस्ता कुठलाही असो, ठरावीक वेगाला येतंच, ते गाडीचं. सल्लागाराचं वाक्य पहिल्या प्रकाराला लागू आहे, दुसऱ्याला नाही.

कागद

शोरूमला जाताना तोंडी "गाडी थरथरते" म्हटलं की जॉबकार्डवर "जनरल चेकअप" लिहिलं जातं. माझ्या पहिल्या दोन कार्डांवर तेच होतं, म्हणजे कागदोपत्री मी तक्रार केलेलीच नव्हती. लिहून घ्यायचं ते असं: "70 ते 76 वेगाला स्टिअरिंग थरथरतं, चौथ्या-पाचव्या दोन्ही गिअरमध्ये, न्यूट्रलमध्येही, माल अर्धा." तक्रार अशी लिहिली की टाळता येत नाही, आणि चांगल्या मेकॅनिकचं कामही हलकं होतं. सही करण्याआधी वाचा, प्रत घ्या, किलोमीटर लिहिलेले आहेत का बघा. टेक्निशियनला शेजारी बसवून हायवेला न्या. त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवा म्हणा. तीही तशीच वागली तर तुमचा तुम्हालाच उलगडा होईल, नाही वागली तर त्यांना.

टायरची वॉरंटी बहुधा गाडीच्या कंपनीकडे नसते, टायरच्या कंपनीकडे असते. हे वॉरंटीच्या पुस्तकात बारीक अक्षरात असतं. माझा टायर तिकडूनच बदलून मिळाला, त्यांच्या माणसाने खडूची रेघ बघितली आणि आपल्या गेजने मोजली.

इतकं करूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, आणि त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी सोलापुरात. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. 5 लाखांपर्यंत फी नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका: स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी कामातून वगळली आहे. स्वतः चालवणाऱ्या एका गाडीच्या मालकाला ही सवलत मिळते, दहा गाड्यांचा ताफा असणाऱ्याला ती सांगता येणं अवघड. किती वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून द्यायची, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. म्हणून आयोगापुढे दोष दाखवावा लागतो, तज्ज्ञ तपासणी लागू शकते, आणि तिथे तारीखवार जॉबकार्डं, फोनमधला आलेख आणि स्टेपनीच्या फेऱ्यांची वही कामी येते.

माझ्यावर ती वेळ आली नाही. काढलेले दोन पाटे गोदामाच्या दाराशी टेकवून ठेवले आहेत. गेल्या आठवड्यात स्टँडवरच्या एकाने ते मागितले, त्याची गाडी नवी आहे. मी त्याला म्हटलं, आधी रिकामी गाडी घेऊन ये, मागची उंची मोजून लिहून ठेवू, आप्पांना एक फेरी मारून आणू, मग बघू.